कृष्णाकाठावर एमटीबी (माउंटन बाईक): सायकल उत्तम, हॅंगरनं जीव खाल्ला (वापरानंतरचा अनुभव)

सायकलचं नाव लिहिणार नाही. कंपनीशी भांडण अजून मिटलेलं नाही आणि ज्यांच्याकडे हीच आहे ते दोन परिच्छेदांत ओळखतीलच. स्पेक्सही पुन्हा उगाळत नाही. 29 इंची चाकं, ॲल्युमिनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) फ्रेम, पुढे 36 आणि 22 दात्यांच्या दोन चकत्या, मागे 11 ते 36 दात्यांची नऊ चकत्यांची कॅसेट, 100 मिमी दबणारा स्प्रिंगचा म्हणजे कॉइल फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकाला क्विक रिलीज (कळ उघडून चाक चटकन काढता येतं तो बारीक आस), एवढं लक्षात असू द्या. त्यातला शेवटचा मुद्दा पुढे लागणार आहे. आणि शीर्षकातला हॅंगर म्हणजे मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) फ्रेमला ज्या पट्टीवर लटकतो ती पट्टी.

हा अनुभव दिवाळीतच लिहायला घेतला होता. तेव्हा पूर्ण झाला असता तर सगळा कौतुकाचा झाला असता. मग ऊसतोड सुरू झाली.

आधी कौतुक, कारण तेही खरं आहे. वाई आणि एमटीबी म्हटलं की लोक वर बघतात. पसरणी घाट, पाचगणीचं टेबललँड, फार तर पांडवगडाचा पायथा. माझ्या मते या सायकलची खरी जागा खाली आहे, कृष्णेच्या खोऱ्यात. धोम धरणापासून संगम माहुलीपर्यंत नदीच्या दोन्ही अंगांना पाणंदी, कालव्याच्या कडेच्या कच्च्या वाटा, बांधावरच्या पायवाटा आणि मधेच खडी उखडलेले डांबरी तुकडे यांचं जाळं आहे. रोड बाईकला ते झेपत नाही, आणि मोटारीतून जाणाऱ्याला त्यातलं निम्मं दिसतच नाही. चढ फारसे नाहीत. पण दर दोन-चार किलोमीटरला उतरून बघावं असं काहीतरी असतं, आणि तिथवरचा शेवटचा तुकडा हटकून खराब असतो. रुंद टायर लागतात ते यासाठी.

टायर 2.25 चे आहेत. पहिल्या महिन्यात मी दुकानदारानं भरून दिलेल्या हवेवरच फिरत होतो आणि मनगटं दुखतात म्हणून सायकलला शिव्या देत होतो. माझं वजन 68 किलो. मागे 28 आणि पुढे 25 पीएसआयवर आलो तेव्हा सायकल बदलल्यासारखी वाटली. मुरुमावर घसरणं थांबलं, कालव्याच्या वाटेवरची बारीक थरथर टायरनंच गिळली. बाभळीच्या काट्यांसाठी मात्र ट्यूबलेस करून घ्या, पर्याय नाही. कुंपणाला टाकलेल्या फांद्या वाटेवर येतात आणि वाळलेला काटा कुठलाच टायर मानत नाही. टायरमधलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत आटतं, तेवढं बघत राहायचं. पहिल्या पावसात काळ्या मातीच्या पाणंदीत शिरू नका. टायर आणि फ्रेमच्या मधे माती अशी बसते की चाक फिरायचं थांबतं आणि 14 किलोची सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पावसाळ्यात मुरुमाची वाट नाहीतर कालव्याची कड.

ब्रेकबद्दल एकच वाक्य: पसरणी घाट उतरताना बोटं दुखली नाहीत, यापेक्षा जास्त मला काही नको.

फोर्कबद्दल मात्र माझं मत फिरलंय आणि ते नोंदवलं पाहिजे. सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगायचो की या किमतीतला कॉइल फोर्क म्हणजे दांड्याखाली बांधलेलं अडीच किलोचं लोखंड, त्यापेक्षा साधा ताठ फोर्क देऊन हजार-दोन हजार कमी करा. वाई ते मेणवली रस्त्यावर हे खरंच आहे, तिथं तो नुसता खालीवर डोलतो. पण लिंबकडच्या वाटांवर, जिथं ट्रॅक्टरच्या चाकांनी वाळलेल्या चिखलात खोल चाकोऱ्या पाडून ठेवल्यात, तिथं पुढचं चाक चाकोरीतून बाहेर काढताना हाच फोर्क हात सांभाळतो. लॉकआउटची (फोर्क डोलू नये म्हणून बंद करायची) कळ तेवढी कधीमधी अडकते. आता मी ताठ फोर्कचा सल्ला देत नाही. किंमत कमी व्हावी असं अजूनही वाटतं, पण ते मला प्रत्येक वस्तूबद्दल वाटतं.

22-36 या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेरीला सायकल साधारण 1.4 मीटर पुढे जाते. माणूस याहून भराभर चालतो, हे मान्य. पण धोमकडच्या चढावर पाठीवर पाण्याची बाटली, कुलूप आणि पंप घेऊन बसल्या जागी चढता येतं, उतरावं लागत नाही. याच गिअरमुळे मी ही सायकल निवडली आणि याच गिअरमध्ये असताना ती मोडली.

मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर थोडा वेळ बसलो होतो. चिमाजी आप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा तिथं एका छोट्या देवळात टांगलेली आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. बघितली नसेल तर बघा. (माझ्या सायकलसोबत साधी घंटीही आली नव्हती. वेगळी घ्यावी लागली.) तिथून धोमला जायचं होतं. धोमच्या देवळापुढं दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे आणि कुंड भरलेलं असलं की तो पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. डांबरी रस्ता सोडून मी मधल्या पाणंदीनं निघालो. दोन्ही बाजूंचा ऊस नुकताच तुटलेला, ट्रॉल्या भरून गेलेल्या आणि वाटभर पाचट. चढ आला म्हणून गिअर हलका केला. चार फेऱ्या मारल्या असतील, मागून कडकड आवाज आला आणि पेडल जाम.

उसाचं एक पान, त्याच्या सोबत आलेलं वाढ्याचं टोक, डिरेलरच्या खालच्या चक्रीत गुंतलं. हलक्या गिअरमध्ये पायाचा जोर चेनवर जास्तीत जास्त असतो. चक्री फिरेना, तेव्हा चेननं अख्खा डिरेलरच मागे आणि वर ओढला. तो ज्या तुकड्यावर फ्रेमला लटकतो तो हॅंगर मधोमध तुटला. काडेपेटीपेक्षा लहान ॲल्युमिनियमची पट्टी. डिरेलर केबलला लोंबकळत होता आणि चाकाची एक तार वाकली होती.

शेजारच्या वावरातून एक आजोबा बांधावर आले.

"पाव्हणं, मोडली जणू गाडी?"

"मोडली ना, आबा."

त्यांनी तुटका तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एवढ्यानं अडलं व्हय? गावात वेल्डिंगवाला हाय, मारून देईल टाका."

"ॲल्युमिनियम आहे आबा, साधं वेल्डिंग नाही लागायचं."

"मग दुसरं बसवा की."

आबांना एका वाक्यात जे कळलं ते कंपनीला कळवायला मला पुढचा अख्खा ऊसहंगाम लागला.

घरी कसा आलो ते सांगतो, कारण हे प्रत्येकाला यायला हवं. मल्टिटूलमध्ये चेन तोडायचं अवजार असेल असंच मल्टिटूल घ्या. चेन तोडली, डिरेलर काढून केबल फ्रेमला गुंडाळली. पुढे छोटी चकती, मागे मधली कुठली तरी, आणि चेन तेवढी आखूड करून क्विक लिंकनं (हातानं जोडता येणाऱ्या कडीनं) जोडली. एकच गिअर. अडचण अशी की या फ्रेममध्ये चाक मागेपुढे सरकवता येत नाही, त्यामुळे चेन एका चकतीवर सैल पडते तर दुसरीवर ताणते, बरोबर बसेल अशी चकती शोधत बसावं लागतं. शिवाय कॅसेटच्या चकत्यांना चेन वर चढावी म्हणून कडेला खाचा दिलेल्या असतात, त्यामुळे जरा जोर दिला की ती मोठ्या चकतीवर चढून घट्ट होते. म्हणून सपाटीवर अलगद पेडल, चढावर पायी. वाईपर्यंत आलो. धोमचा नंदी त्या दिवशी राहिला.

आता भांडण.

हॅंगर वॉरंटीत येत नाही. हे मला माहीत होतं, मी मागितलाही नव्हता. मी म्हणत होतो, पैसे घ्या आणि हॅंगर द्या. ग्राहक सेवेनं आधी फ्रेम नंबर मागितला, मग बिल, मग तुटलेल्या भागाचा फोटो, मग तोच फोटो "उजेडात काढलेला". त्यानंतर जवळच्या डीलरकडे जायला सांगितलं. डीलर म्हणाला, सर, हा पार्ट आम्ही ठेवत नाही, कंपनीकडून मागवावा लागेल, तुम्हीच मेल टाका. मेल टाकला तर उत्तर, कृपया जवळच्या डीलरशी संपर्क साधावा. हे गोल फिरत राहिलं. एकदा तर डीलरनं अगदी प्रेमानं सुचवलं की नवीन मॉडेल आलंय, जुनी एक्स्चेंजमध्ये घेतो. काही हजारांची सायकल काही शे रुपयांच्या पट्टीसाठी फुंकून टाकायची! मी फोन ठेवला नाही, कारण आवाज चढवायचा होता.

माझी कुरकूर भागाच्या मजबुतीबद्दल आहे असं कुणी समजू नये. तशी ती पहिल्या आठवड्यात होती. तेव्हा मी सांगत सुटलो होतो की इतका कच्चा भाग लावतातच का, फ्रेममध्येच जाड कान का ठेवत नाहीत. साताऱ्यातल्या एका मेकॅनिकनं माझं ते बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि डिरेलर पुढ्यात ठेवला. "सर, हा वाकलाय का बघा." नव्हता. "फ्रेमला चीर गेलीय?" नव्हती. हॅंगर मऊच ठेवतात. जोर आला की त्यानं वाकावं किंवा तुटावं आणि महागाचा डिरेलर, त्याहून महागाची फ्रेम वाचावी, हेच त्याचं काम. लोखंडी फ्रेम असती तर वाकलेला कान परत सरळ करता येतो, ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा कान तुटला की फ्रेम गेली. हे पटलं. माझा हॅंगर त्याचं काम करून मेला, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार उलट आणखी वाढली. भाग तुटण्यासाठीच बनवलाय हे तुम्हाला माहीत आहे, तर तो सुटा का मिळत नाही? खोक्यात एक जादा का नाही? पेडलसोबत तुम्ही रिफ्लेक्टरच्या चार पट्ट्या देता, ज्या मी लावल्याही नाहीत.

आणि गंमत बघा. डिरेलर ज्या भोकात फिरवून बसतो त्याचे आटे जवळपास सगळीकडे एकच आहेत, 10 मिमी व्यास आणि 1 मिमी पिच. कुठलाही डिरेलर कुठल्याही हॅंगरवर चढतो. त्याच हॅंगरची दुसरी बाजू, फ्रेमला लागणारी, प्रत्येक कंपनीची वेगळी, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची वेगळी. एका अंगाला सगळं जग एक आणि दुसऱ्या अंगाला ज्याची त्याची वेगळी चूल. या गोंधळावर उपाय म्हणून सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं 2019 मध्ये सगळ्या फ्रेमना चालेल असा युनिव्हर्सल हॅंगर काढला आणि फ्रेमवाल्यांना तो फुकट वापरू दिला. पण तो थ्रू-ॲक्सलच्या, म्हणजे चाकाचा जाड आस आरपार जाऊन फ्रेममध्ये आट्यांनी बसतो अशा, फ्रेमसाठी आहे. आपल्या क्विक रिलीजवाल्यांना त्याचा उपयोग शून्य. म्हणून म्हटलं होतं, तो मुद्दा लक्षात ठेवा.

सायकल बंद असताना एका रविवारी स्कूटरवरून लिंबला गेलो. बारा मोटेची विहीर तिथं आहे. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली, सुमारे 110 फूट खोल, पोटात दगडी महाल असलेली. तिला मोटांच्या जागा पंधरा आहेत आणि एका वेळी बारा चालत, म्हणून बारा मोटेची, असं तिथं सांगतात. मी त्या थारोळ्यांपाशी उभा राहून तीन जादा जागांचा हिशोब करत होतो. त्यामागचं खरं कारण काही असो, मला त्या दिवशी ते एकाच अर्थानं दिसलं: तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी स्पेअरचा विचार केला होता. हीच गत वाईच्या ढोल्या गणपतीपाशी. 1762 मध्ये गणपतराव रास्त्यांनी ते देऊळ नदीच्या पात्राला लागून बांधलं, पुराचं पाणी येणारच हे धरून मागची भिंत माशाच्या आकाराची केली, म्हणजे लोंढा तिच्यावर आपटण्याऐवजी दुभंगून दोन बाजूंनी जावा. ज्या नदीकाठी बांधायचं ती नदी त्यांनी आधी पाहिली होती. ही सायकल "भारतीय रस्त्यांसाठी खास" असं जाहिरातीत छापणाऱ्यांनी ऊसतोडीतली एक पाणंद पाहिली असती तर बरं झालं असतं. बायको म्हणते, तू आता देवळातही हॅंगरच बघतोस. बघतो.

शेवटी सुटका त्या मेकॅनिकनंच केली. त्याच्याकडे निरनिराळ्या हॅंगरचा एक डबा आहे. माझा तुटका तुकडा जोडून त्यानं कागदावर आकार काढला, बोल्टच्या भोकांमधलं अंतर कॅलिपरनं मोजलं आणि जुळणारा एक शोधला. भोकं तंतोतंत, फक्त एक कड जाड होती. ती कानशीनं घासली, बसवला, मग हॅंगर सरळ करायचा लांब दांड्याचा गेज लावून रिमशी चार ठिकाणी अंतर ताडलं. हा गेज ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून हॅंगर बदलून घेऊ नका. नवा हॅंगरही पेटीतून जरासा वाकडा निघू शकतो आणि दोन-तीन मिलिमीटरच्या फरकानं नऊतले तीन गिअर नीट बसत नाहीत. हॅंगर, मजुरी, वाकलेली तार सगळं मिळून सातशे रुपये. कंपनीचा मेल त्यानंतर आला: भाग सध्या उपलब्ध नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा संगम माहुलीला गेलो. पाचवडपर्यंत गावागावांतून, मग हायवेचा सर्व्हिस रोड, मग लिंब फाट्यावरून आत वळून नदीची बाजू धरली. हायवेचा तुकडा कंटाळवाणा आणि धोक्याचा आहे, डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर उलट्या दिशेनंही येतात. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. रामशास्त्री प्रभुणे यांचं हे गाव. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधीही इथलीच, ती शोधायला लोक मुलांना घेऊन येतात. घाटावर सायकल घेऊन उतरू नका, एवढी विनंती. पायऱ्या उतरण्याचे व्हिडिओ काढणारे काही महाभाग हल्ली दिसतात. घासून गुळगुळीत झालेल्या काळ्या दगडावर, तेही ओल्या, नॉबी (उंचवट्यांचा) टायर अजिबात पकड घेत नाही, आणि खाली कुणी कपडे धूत असतं, कुणी दिवस घालत असतं. सायकल वर उभी करा. स्टँड नाही, झाडाला टेका.

जाता-येता गिअर एकदाही अडकला नाही. घासलेला, डब्यातला, परका हॅंगर मूळच्याहून चांगला चालतोय आणि याचा आनंद मानावा की संताप करावा हे अजून ठरत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत माझी एक सवय मात्र पक्की झाली. वाटेवर पाचट दिसलं की पेडल थांबवून नुसतं घरंगळायचं, आणि चढ असेल तर सरळ उतरून सायकल उचलायची. चक्रीत पान गुंतल्याचा सळसळ आवाज आला की पाय त्या क्षणी थांबले पाहिजेत, जोर लावून निघेल ही आशा महागात पडते.

आता ज्यांना ही किंवा या किमतीतली कुठलीही घ्यायची आहे त्यांच्यासाठी. दुकानात गेल्यावर रंग, फोर्क, ब्रेक यांच्या आधी एकच विचारा: याचा हॅंगर आत्ता, या दुकानात, सुटा आहे का? असेल तर सायकलच्या बिलातच दोन लावून घ्या, घासाघीस करताना तेवढे फुकटही मिळतात. नसेल तर मागच्या चाकाजवळच्या त्या पट्टीचा दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि त्या आकाराचा हॅंगर बाहेर कुठं मिळतो का ते शोधून मगच पैसे भरा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

पाचपैकी किती, असं विचाराल तर नदीकाठच्या वाटांवर चालण्याचे साडेचार, सुट्या भागांचा शून्य, आणि यांची सरासरी मी काढणार नाही.

मेकॅनिकच्या ओळखीतून त्याच मापाचे तीन हॅंगर मागवून मी कड घासून तयार ठेवलेत. एक सीटखालच्या पिशवीत, दोन घरी. ही सायकल असलेल्या कुणाला वाई-सातारा भागात अडचण आली तर त्यातला एक देईन. उसना नाही, विकत. घासण्याची मजुरी धरून.